क्षारपड जमीन सुधारायची तर आधी पाण्याला वाट

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानात वाढ खुंटलेला ऊस मुळासकट उपटून पाहा. बऱ्याच ठिकाणी मुळं वीतभर खाली गेलेली दिसतात आणि तिथून आडवी वळलेली. त्याखालची माती पाण्यानं गच्च भरलेली असते, तिच्यात हवा नसते, म्हणून मुळं पुढं जात नाहीत. उन्हाळ्यात त्याच रानाच्या वरंब्यावर पांढरी पूड फुटते. शिरोळ, हातकणंगले, मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत अशी हजारो एकर जमीन आहे.

यावर पहिली धाव असते ती जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) पोत्यांकडे, नाहीतर बाटलीतल्या एखाद्या द्रावणाकडे. पैसे जातात, एक हंगाम बरा वाटतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पांढरं पुन्हा फुटतं. वरचा क्षार हे लक्षण आहे. जमिनीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, हे खरं दुखणं. ती वाट आधी करावी लागते. जिप्सम, हिरवळीचं खत, वाण हे सगळं त्यानंतर.

क्षार येतात कुठून

नदीचं पाणी गोडं असलं तरी त्यात विरघळलेले क्षार असतातच. ते मोजतात विद्युतवाहकतेवरून. अहवालात तिला ईसी म्हणतात आणि एकक असतं डेसीसायमन प्रति मीटर. समजा पाण्याची ईसी ०.५ आहे, म्हणजे शेतीला चांगलं पाणी. अशा एका लिटरमध्ये सुमारे ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. सरीनं मोकाट पाणी दिलेल्या उसाला वर्षभरात एकरी एक कोटी लिटरच्या आसपास पाणी जातं. गुणाकार केला तर एकरी सव्वातीन टन क्षार दर वर्षी रानात येतात. ऊस त्यातले थोडेच उचलतो. पाणी पानांतून आणि मातीतून उडून जातं, क्षार मागं राहतात. विहिरीचं पाणी २ ईसीचं असेल तर हाच आकडा चौपट होतो.

जिथं जमिनीखाली मोकळा मुरूम आहे आणि उतार आहे, तिथं जादा पाणी हे क्षार घेऊन खाली निघून जातं. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत तसं होत नाही. या मातीत चिकणमातीचं प्रमाण ४० ते ६० टक्के असतं. ती भिजली की फुगते आणि पाणी मुरण्याचा वेग अगदी कमी होतो. त्यात रान सपाट. उपसा योजनांचं पाणी बारमाही झालं, ऊस आणि खोडवा एकामागून एक होत राहिले आणि भूजल दर वर्षी थोडं थोडं वर चढलं. पूर्वी हे पाणी वाहून नेणारे ओढे-ओघळ कुठं बुजवले गेले, कुठं बांधात घेतले गेले. पाणीपट्टी एकरी असल्यामुळं कमी पाणी वापरण्यात शेतकऱ्याचा काही फायदाही नाही. पाळी आली की भरून घ्यायचं, रात्री वीज आली की मोटर चालू सोडायची.

भूजल जमिनीपासून दीड मीटरच्या आत आलं की गणित उलटं फिरतं. चिकणमातीतल्या केसासारख्या बारीक पोकळ्यांतून खालचं पाणी वर ओढलं जातं, पृष्ठभागावर वाळतं आणि आपले क्षार तिथं ठेवून जातं. आता क्षार वरच्या पाण्यातूनही येतात आणि खालच्या पाण्यातूनही. म्हणूनच पाणी न दिलेल्या पडीक रानातही पांढरं फुटत राहतं.

हे दुखणं नवं नाही. नीरा कालव्याचं पाणी सुरू झाल्यावर बारामतीच्या बाजूला ते ब्रिटिश काळातच दिसलं होतं. १९१६ साली मुंबई प्रांतानं सिंचनाची पद्धत सुधारण्यासाठी एक खास कक्ष उभा केला. आजचं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र त्यातूनच वाढलं. १९६९ मध्ये केंद्र सरकारनं कर्नालला मृदा क्षारता संशोधन संस्था काढली. आपल्याकडं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र याच काळ्या क्षारपड जमिनींवर काम करतं. ज्ञानाची कमतरता कधीच नव्हती.

दुखणी दोन आहेत

'क्षारपड' या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या जमिनी कोंबतो, आणि खर्च वाया जाण्याचं ते मोठं कारण आहे.

पहिली क्षारयुक्त किंवा खारवट जमीन. हिच्यात विरघळणारे क्षार जास्त. संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याची, ईसी ४ च्या वर, सामू (पीएच) साडेआठच्या आत. माती भुसभुशीत असते, वर पांढरी पूड असते. पाणी मुरतं, पण मुळांना ते ओढून घेता येत नाही. म्हणून ओल असतानाही पिकाच्या पानांचे शेंडे करपतात.

दुसरी चोपण. हिच्यात दोष सोडियमचा. मातीचे चिकण कण पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यावर ऋणभार असतो. कॅल्शियम दोन भारांचा, तो पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून ठेवतो. सोडियम एका भाराचा आणि भोवती पाण्याचं मोठं वेष्टण घेऊन येतो. तो जागा बळकावू लागला की पापुद्रे सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि पोकळ्यांत जाऊन बसतात. मग पाणी मुरत नाही. भिजल्यावर माती राडा होते, वाळल्यावर ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. सेंद्रिय पदार्थ विरघळून वर येतात, त्यानं पृष्ठभागावर काळपट तेलकट थर दिसतो. अहवालात सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर पुस्तकी व्याख्येनं ती चोपण. पण फुगणाऱ्या काळ्या मातीत १५ ची वाट पाहू नये. सोडियम ६ ते १० टक्क्यांवर गेला की पाणी मुरणं मंदावलेलं असतं.

दोन्ही दोष एकत्र असलेली क्षारयुक्त-चोपण जमीन आपल्याकडं बरीच आहे, आणि फसवते ती हीच. विरघळलेले क्षार जास्त असेपर्यंत चिकण कण एकत्र राहतात, जमीन बरी वाटते. जिप्सम न घालता नुसतं पाणी सोडून क्षार धुतले, तर क्षार जातात पण सोडियम कणांना चिकटून राहतो. पुढच्याच पावसात माती विखुरते, सामू चढतो आणि आधी जे पाणी मुरत होतं तेही थांबतं.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. वाळलेल्या मातीचं हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या किंवा बॅटरीच्या शुद्ध पाण्यात अलगद सोडायचं. हलवायचं नाही. काही तासांनी ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी नितळ राहिलं तर सोडियमची चिंता कमी. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं तर चोपणपणा आहे. विहिरीचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्षारांमुळं निकाल खोटा चांगला येतो. ही चाचणी फक्त दिशा दाखवते. जिप्समचा डोस प्रयोगशाळेच्या आकड्यावरूनच ठरवायचा.

नमुना घेताना होणाऱ्या चुका

खतासाठी घेतो तसा वरच्या वीतभर मातीचा एकत्र नमुना इथं उपयोगाचा नाही. ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर असे चार थर वेगळे घ्यावेत. चांगल्या पट्ट्याचा आणि बिघडलेल्या पट्ट्याचा नमुना मिसळू नये. वरंब्याच्या माथ्यावर क्षार साठतात आणि सरीत कमी असतात, तेव्हा दोन्हीकडची माती घ्यावी आणि तसं पिशवीवर लिहावं. वेळ एप्रिल-मे. पावसाळ्यानंतर घेतलेला नमुना जमीन आहे त्याहून बरी दाखवतो. खताचं रिकामं पोतं माती गोळा करायला वापरलं तर अख्खा अहवाल फुकट.

अहवाल हातात आल्यावर ईसी कोणत्या पद्धतीनं काढली हे विचारा. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशी मोजतात. पाणी जास्त असल्यानं हा आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो. ४ ची मर्यादा संपृक्त अर्काची आहे. एकास अडीचच्या अहवालात १ च्या वर गेलं की नाजूक पिकांची उगवण धोक्यात येते आणि २ च्या वर त्यांची वाढ. अशा अहवालात १.८ वाचून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत.

उसाच्या बाबतीत तर आणखी लवकर जागं व्हायला हवं. संपृक्त अर्काची ईसी १.७ झाली की त्याचं उत्पादन घटू लागतं आणि पुढं प्रत्येक एककामागं सुमारे ६ टक्के जातात. ५ ला पाचवा हिस्सा गेलेला असतो, १० ला निम्मा. पाचवा हिस्सा जातो तेव्हा फड लांबून हिरवाच दिसतो. दोष बियाण्याला, खताला, हवामानाला दिला जातो.

मातीबरोबर एक काम आवर्जून करावं. दोन मीटर लांब पीव्हीसी पाईप घ्यायचा, खालच्या निम्म्या भागाला भोकं पाडून बारीक जाळी गुंडाळायची आणि ऑगरनं (जमिनीला भोक पाडायच्या गिरमिटानं) भोक घेऊन तो उभा पुरायचा. वर टोपण. आठवड्यातून एकदा काठी सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. जून ते जून अशी एका वर्षाची नोंद झाली की निचरा लागतो का आणि किती, यावर वाद उरत नाही.

निचरा कसा करायचा

उघडे चर सगळ्यांत स्वस्त. रानाच्या खालच्या बाजूला आणि कालव्याच्या पाझराला अडवायला ते आजही योग्य. अडचण अशी की काम व्हायचं तर ते चार-पाच फूट खोल हवेत. काळ्या मातीत काठ उभे टिकत नाहीत, म्हणून वर रुंदी वाढते, जमीन अडते, गवत माजतं आणि दर दोन वर्षांनी गाळ काढावा लागतो. बहुतेक चर तिसऱ्या वर्षी कामातून गेलेले दिसतात.

मोल निचऱ्यात ट्रॅक्टरमागं बंदुकीच्या गोळीसारखा लोखंडी नांगर जोडून ४० ते ६० सेंटिमीटर खोलीवर मातीतच बोगदा पाडतात. दोन बोगद्यांत २ ते ५ मीटर अंतर. पाईप लागत नाही. पावसाळ्यात वरचं तुंबलेलं पाणी काढायला, सोयाबीनसारख्या पिकाला तो चांगला. पण चोपण मातीत बोगदा लवकर ढासळतो, आणि भूजल एक मीटरखाली न्यायचं असेल तर ही खोली पुरत नाही.

उसाच्या क्षारपड रानाला टिकाऊ उपाय म्हणजे भूमिगत पाईप निचरा. जमिनीखाली १ ते १.२५ मीटर खोलीवर ८० मिलिमीटर व्यासाचे वळ्या असलेले सच्छिद्र पाईप समांतर ओळींत टाकतात. या उपनळ्या पुढं १६० मिलिमीटर किंवा मोठ्या मुख्य नळीला मिळतात आणि मुख्य नळी ओढ्यात सुटते. भूजल पाईपच्या पातळीपर्यंत आलं की छिद्रांतून आत शिरतं आणि उतारानं निघून जातं. पाईप पाणी ओढून घेत नाही, फक्त साचलेलं जादा पाणी काढतो. त्यामुळं पिकाला लागणारी ओल मातीत राहते.

दोन ओळींतलं अंतर हा सगळ्यांत महागाचा निर्णय. हलक्या मातीत १०० मीटरवरही भागतं. भारी काळ्या मातीत १५ ते ३० मीटर लागतं. शेजाऱ्यानं ठेवलं तेच आपणही ठेवायचं, असं करू नये. भूजलाच्या खाली जाईल असं ऑगरचं भोक घ्यावं, त्यातलं पाणी उपसून काढावं आणि ते किती सेकंदांत किती सेंटिमीटर चढतं हे मोजावं. यावरून मातीतून पाणी किती वेगानं वाहतं ते कळतं आणि अंतर त्या आकड्यावरून काढता येतं. दर पाच एकरांत निदान दोन-तीन ठिकाणी मोजावं, कारण नदीपासून थोडं आत गेलं तरी माती बदलते. पैसे वाचवायला अंतर दुप्पट केलं, तर ओळीच्या जवळचा ऊस सुधारतो आणि दोन ओळींच्या मधला पट्टा तसाच राहतो. तो नंतर दुरुस्त करायचा म्हणजे सगळं खोदकाम पुन्हा.

काम नेहमी ओढ्याच्या तोंडापासून वर चढत न्यायचं. उतार हजार फुटांना दोन ते तीन फूट, आणि तो लेसर लेव्हलनंच धरायचा. नजरेच्या अंदाजानं खोदलं की पाईपला मध्ये पोट सुटतं, तिथं गाळ बसतो आणि दोन वर्षांत ओळ बंद पडते. पाईपभोवती न विणलेल्या कृत्रिम कापडाचं गाळण असावं, विशेषतः सोडियम जास्त असलेल्या मातीत, कारण तिथले सुटे कण पाण्याबरोबर आत येतात. चरात चिखलपाणी असताना पाईप टाकू नये. तो तरंगतो आणि गाळण पहिल्याच दिवशी लिंपलं जातं. म्हणून हे काम मार्च ते मे. भरताना आधी वरच्या थरातली सुकी, भुसभुशीत माती पाईपवर टाकायची, खालची चिवट माती सर्वांत शेवटी. जिथं दोन नळ्या मिळतात तिथं चेंबर बांधायचं आणि त्याचा तळ नळीच्या एक फूट खाली ठेवायचा, म्हणजे गाळ तिथं बसेल आणि काढता येईल. नळीजवळ निलगिरी, सुबाभूळ नको, मुळं छिद्रांतून आत जातात. झाल्यावर ओळींचा नकाशा सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवावा. पुढच्या पिढीला तो लागतो.

मुख्य नळीच्या तोंडाशी सगळ्यात जास्त घोळ होतात. ते ओढ्याच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा निदान फूटभर वर असावं, त्याला उंदीर-खेकडे जाऊ नयेत अशी जाळी असावी. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर तोंड पाण्याखाली जातं आणि नदीचं गढूळ पाणी उलटं आत शिरतं. त्यासाठी बाहेरच उघडणारी झडप बसवावी. ओढा उथळ असेल तर शेवटी हौद बांधून पंपानं उपसावं लागतं, आणि त्या विजेचं बिल कोण भरणार हे खोदकामाआधी कागदावर ठरलेलं बरं.

इथंच एकट्या शेतकऱ्याचं बळ संपतं. दिवसाला २ मिलिमीटर पाणी काढायचं म्हटलं तर एकरी ८,००० लिटर होतात. शंभर एकरांचं आठ लाख लिटर, म्हणजे सेकंदाला सव्वानऊ लिटर. ते एकाच मुख्य नळीतून न्यायचं तर तिचा व्यास खाली खाली वाढवत जावं लागतं आणि ती दहा जणांच्या बांधाखालून जाते. वरच्याचं पाणी खालच्याच्या रानातूनच वाहणार, मग सगळे एकत्र आल्याशिवाय हे व्हायचं कसं? शिरोळमध्ये दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे काम केलं, म्हणून ते शिवारभर झालं. दोन एकरांचा तुकडा वेगळा काढून सुधारायला गेलं तर चारी बाजूंचं भूजल त्याच्याच पाईपात येतं.

आणि हे पाणी खाली कुणाच्या तरी नदीत जातं, हे विसरता येत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यातले क्षार फार असतात. नदी भरून वाहत असताना, पावसाळ्यात, ते सोडलं तर मिसळून जातं. एप्रिलमध्ये आटलेल्या ओढ्यात सोडलं तर खालच्या गावाच्या विहिरी बिघडतात. तोंडाशी दट्ट्या बसवून उन्हाळ्यात प्रवाह रोखण्याची सोय म्हणूनच हवी. नत्र दिल्यावर आठ-दहा दिवस तोंड बंद ठेवलं तर खतही वाहून जात नाही.

जिप्सम किती आणि केव्हा

नुसत्या क्षारयुक्त जमिनीला जिप्सम लागत नाही. तिला निचरा आणि धुणं पुरतं. चोपण आणि क्षारयुक्त-चोपण जमिनीला मात्र कॅल्शियम दिल्याशिवाय गत्यंतर नाही.

हिशोब असा. १५ सेंटिमीटर थरातला, १०० ग्रॅम मातीमागं १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हलवायला हेक्टरी १.९२ टन शुद्ध जिप्सम लागतं. काळ्या मातीची विनिमयक्षमता, म्हणजे कणांवर असे भार धरून ठेवण्याची ताकद, त्याच एककात ५० धरली आणि सोडियम २५ टक्क्यांवरून १० वर आणायचा म्हटलं, तर हलवायचा सोडियम ५० चे १५ टक्के, म्हणजे ७.५. गुणाकार हेक्टरी १४.४ टन, एकरी ५.८ टन. बाजारातलं जिप्सम ८० टक्के शुद्धतेचं असेल तर एकरी ७.३ टन. एवढं एकदम कुणी टाकत नाही आणि टाकूही नये, कारण जिप्सम पाण्यात फार कमी विरघळतं. निम्मा डोस पहिल्या वर्षी, बाकीचा पुन्हा माती तपासून पुढच्या दोन वर्षांत. पण यावरून एक गोष्ट कळते: एकरी दोन-चार पोती जिप्सम टाकून चोपण सुधारत नाही. पिकाला गंधक मिळतं, एवढंच.

जिप्सम बारीक दळलेलं हवं. मे अखेरीस पसरून वरच्या १० ते १५ सेंटिमीटर मातीत मिसळायचं, खोल नांगरून पुरायचं नाही, नाहीतर डोस जास्त मातीत विभागला जातो. बांध नीट करून पावसाचं पाणी रानातच थांबवायचं. कॅल्शियमनं सोडियमला कणांवरून ढकललं की सोडियम सल्फेट तयार होतं, आणि ते धुऊन पाईपातून बाहेर गेलं तरच काम झालं. मोरी तुंबलेली असताना न्हाणीघर धुण्यासारखंच निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणं आहे.

अहवालात चुनखडी भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधक चालतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्लानं चुना विरघळतो आणि जमिनीतलाच कॅल्शियम मोकळा होतो. एक टन गंधक साधारण ५.४ टन जिप्समचं काम करतं. मात्र या जिवाणूंना हवा आणि ओल दोन्ही लागतात, आणि परिणामाला काही महिने जातात. पाणथळ रानात ते तसंच पडून राहतं. साखर कारखान्याची मळीही (प्रेसमड) उपयोगी, पण ती गंधक-प्रक्रियेची असावी. कार्बोनेशन प्रक्रियेची मळी म्हणजे बराचसा चुना, तिचा चोपण जमिनीला उपयोग नाही.

धुणं, आणि नंतरची काळजी

ढोबळमानानं ६० सेंटिमीटर मातीतले बरेचसे क्षार धुवायला तेवढंच, म्हणजे ६० सेंटिमीटर पाणी तिच्यातून खाली जावं लागतं. भारी मातीत याहून जास्त. हे एका पावसाळ्यात होत नाही, दोन-तीन लागतात. एकदाच तुंबवून ठेवण्यापेक्षा भरणं, मुरू देणं, पुन्हा भरणं अशा पाळ्यांनी धुतलं तर पाणी कमी लागतं. भेगाळलेल्या काळ्या रानात एकदम पाणी सोडलं तर ते भेगांतून थेट पाईपात जातं आणि ढेकळांच्या पोटातले क्षार तसेच राहतात. म्हणून आधी हलकी कुळवणी करून भेगा बुजवाव्यात.

त्या पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घ्यावं. एकरी १६ ते २० किलो बी, ४५ दिवसांच्या सुमारास फुलावर येताना गाडायचा. तो खारवट आणि चोपण दोन्ही सोसतो, तागाला हे तितकं जमत नाही. त्याची मुळं खालचा थर फोडतात आणि कुजताना निघणारा कर्बवायू चुना विरघळवायला मदत करतो. नंतर एक-दोन हंगाम गहू, करडई, कापूस, बीट यांपैकी काही. कांदा, हरभरा, घेवडा, मूग लगेच नको. ही पिकं अगदी थोड्या क्षारानंही बसतात. ऊसच लावायचा तर फुले २६५ हा वाण अशा जमिनीला शिफारस केलेला आहे. नत्र थोडं जास्त, एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट, आणि क्लोराईडवालं लाल पोटॅश टाळून सल्फेटचं वापरावं. डिस्टिलरीचं सांडपाणी खत म्हणून फुकट मिळालं तरी अशा रानात घेऊ नये, त्यात क्षार भरपूर असतात.

लावण वरंब्याच्या माथ्यावर करू नये, क्षार तिथंच गोळा होतात. पाणी लागतं त्या कडेला करावी. पाचट जाळण्यापेक्षा पसरलेलं चांगलं, कारण झाकलेल्या मातीतून पाणी कमी उडतं आणि क्षार वर येत नाहीत.

ठिबकनं पाणी निम्म्याच्या जवळ येतं, म्हणजे क्षारांची आवकही तेवढी घटते. पण ठिबक क्षार घालवत नाही, ओल्या गोळ्याच्या कडेला ढकलतं. जूनमधला पहिला हलका पाऊस हे कडेचे क्षार पुन्हा मुळांशी आणतो आणि ऊस अचानक पिवळा पडतो. अशा वेळी पाऊस आला म्हणून ठिबक बंद करू नये; उलट चालू ठेवावं, चांगला जोराचा पाऊस होईपर्यंत.

किती जादा पाणी धुण्यासाठी द्यायचं याचंही गणित आहे. मातीची ईसी १.७ वर राखायची आणि पाणी ०.५ ईसीचं असेल, तर दिलेल्या पाण्याचा सहा टक्के भाग मुळांखाली जावा लागतो. एवढं तर सरीनं देताना आपोआप जातं. पण पाणी २ ईसीचं असेल तर ३१ टक्के. खारं विहिरीचं पाणी आणि ठिबक ही जोडी म्हणूनच जपून हाताळावी लागते. वर्षातून एक-दोन वेळा नदीच्या पाण्याची मोठी पाळी द्यावी. विहिरीच्या पाण्यात कार्बोनेट जास्त असतील तर तेच पाणी जमीन पुन्हा चोपण करतं. पाणी तपासल्यावर उर्वरित सोडियम कार्बोनेट लिटरमागं २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर निघालं तर ते तसंच देऊ नये. प्रत्येक जादा एककासाठी दहा लाख लिटरमागं ८६ किलो शुद्ध जिप्सम लागतं. जिप्समच्या खड्यांचा हौद बांधून पाणी त्यातून वाहतं करणं ही सोपी रीत.

पाईप बसल्यावर पहिल्या वर्षी दर महिन्याला तोंडाशी बादली लावून किती सेकंदांत भरते ते पाहावं आणि त्या पाण्याची ईसी मोजावी. हातात धरायचं मीटर गावात एक असलं तरी पुरे. ईसी हळूहळू उतरत गेली तर धुणं चालू आहे. पाऊस असूनही बादली भरायला वेळ लागू लागला तर चेंबर उघडून पाहावं: वरच्या चेंबरमध्ये पाणी तुंबलंय आणि खालचं कोरडं, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये आहे. दोन्ही कोरडी आणि रानातल्या देखरेखीच्या पाईपात मात्र पाणी वर, तर गाळण लिंपलं गेलंय. दोन्हीतलं पाणी आणि पाईपातलं पाणी एकाच पातळीवर असेल, तर ओढ्याचं तोंड बुडालं आहे. आधी ओढ्यातला गाळ काढावा.